तुमी म्हनलात तर

आप्पा,

आईची क्रियापदं गेली. हे वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकवलं असतं तर त्यानं आधी माझ्याच तब्येतीची चौकशी केली असती. तुम्हाला ते लगेच कळेल, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी ती इथे, माझ्या केडगावच्या घरात, मोरीच्या उंबऱ्यावर पडली. उजवी बाजू गेली. हात थोडासा परत आला, पाय आला नाही, आणि बोलणं आलं ते अर्धंच आलं. नगरच्या दवाखान्यात बोलणं पुन्हा शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण आहे. तिनं आईपुढे चित्रं धरली. विहीर दाखवली, आई म्हणाली, "हीर." बादली दाखवली, "बारडी." मग विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचं चित्र दाखवून तिनं विचारलं, "आजी, ही काय करते?" आई खूप वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. जिनं जन्मभर पाणी शेंदलं ती माझी आई म्हणाली, "बाई... हिरीतनं... पानी..." आणि पुढं तिला काही सापडेना. ती माझ्याकडे बघायला लागली, तो शब्द मीच कुठंतरी उचलून ठेवल्यासारखी. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "नावं शिल्लक आहेत, क्रियापदं गेलीत. काही पेशंटचं असं होतं." परत येतील का विचारलं, तर म्हणाली, वय बघता फार आशा धरू नका. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि सगळ्यात आधी तुम्ही आठवलात. त्याचा मला रागही आला. अशा वेळी माणसाला देव आठवतो, मला व्याकरण आठवलं.

बेलापूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात. शाळेत सर आणि घरी आप्पा. फाटकातून आत शिरताना मी तोंडातला शब्द बदलायची आणि घाईत कधी वर्गात "आप्पा" निघून गेलं की मागच्या बाकावरची पोरं आठवडाभर चिडवायची. फ्रेज आणि क्लॉजचा धडा आला की बाकीचे मास्तर व्याख्या पाठ करून घेत. तुम्ही फळ्यावर व्याख्या लिहिलीच नाही. खडू टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "पोरांनो, व्याकरण डोळ्यांनी बघायचं नाही, कानांनी ऐकायचं. मी बोलतो, तुम्ही घरी जसं उत्तर देता तसं द्या." मग तुम्ही म्हणालात, "अंडर द नीम ट्री." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तुम्हीच खेकसलात, "अरे, लिंबाच्या झाडाखाली! एवढं बोलून तुमचा बाप गप्प बसला तर तुम्ही काय विचाराल?" कुणीतरी भीत भीत म्हणालं, "काय झालं?" तुम्ही टाळी वाजवलीत. झालं, ही फ्रेज. नुसते शब्द गोळा झालेत, आत कर्ताही नाही, क्रियापदही नाही, म्हणून विचारावं लागतं की काय झालं. मग म्हणालात, "द बस केम." आता उत्तर काय? बस आली. "बरं," वर्ग म्हणाला. हा स्वतःच्या पायावर उभा असलेला क्लॉज, मुख्य वाक्य; ऐकणाऱ्यानं बरं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आणि मग तुमच्या डोळ्यांत ती चमक आली, जी घरी फक्त कैरीच्या लोणच्याला यायची. "आता याच उभ्या वाक्याच्या डोक्यावर मी एक पाटी ठेवतो," म्हणालात. "व्हेन द बस केम." आणि थांबलात. तुम्ही इतके छान थांबायचात की सगळा वर्ग आपोआप पुढं झुकला आणि पन्नास-साठ तोंडांतून एकदम आलं, "मंग?"

तो शब्द तुम्ही सुधारू दिला नाहीत. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी एकदा "मग म्हणा, मग" असं सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "साहेब, मगमध्ये जीव नाही. नाकातनं यायला पाहिजे, मंऽग. ऐकायची भूक त्या अनुस्वारात आहे." कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी वाक्य दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं आहे, तो गौण क्लॉज, आणि त्याची खूण एकच, ऐकणाऱ्याच्या तोंडून मंग निघतो. काय झालं, मंग, बरं. या तीन उत्तरांवर तुम्ही आमचं इंग्रजी उभं केलंत. गावानं तुमचं नाव मंगसर पाडलं. येष्टीचा कंडक्टर "सुटे पैसे नसले तर..." एवढं म्हणायचा अवकाश, मागून पोरं ओरडायची, "मंऽग?" आणि पुढच्या सीटवर बसलेले तुम्ही खिडकीकडे तोंड करून हसायचात. मीही आता केडगावच्या एका शाळेत हेच तीन शब्द वापरून शिकवते. माझी पोरं मोबाईलवर वाढलेली, त्यांना "मंग" म्हणायला लाज वाटते, पहिले दोन दिवस "मग" म्हणतात. तिसऱ्या दिवशी तीही नाकातून ओरडायला लागतात.

आई तुमच्या वर्गात कधी बसली नाही. ती खर्ड्याची. चौथीपर्यंत शाळा, मग गुरं, मग तुम्ही. तिच्या माहेरी माळ आणि आपल्याकडे पाटाचं पाणी, त्यामुळे बेलापूरच्या बायका तिला "तिकडची" म्हणायच्या आणि तिच्या बोलण्याला हसायच्या. पण तिच्या बोलण्यातली खरी गंमत कुणाच्याच लक्षात आली नव्हती, तुमच्या सोडून. तिचं वाक्य "तर"शी येऊन थांबायचं. "येताना बाजाराकडनं आलात तर..." "पोरीच्या पायात काय आसलं तर..." "जरा हिकडचा दिवा लावला तर..." तुम्ही मला एकदा शाळेतून येताना सांगितलं होतंत, "इंग्रजीत पाटी वाक्याच्या डोक्यावर असते, आधीच कळतं की पुढं काहीतरी येणार. मराठीत ती शेवटी येते. तुझी आई अख्खं वाक्य उभं करते आणि शेवटी हळूच तर ठेवून त्याला खाली बसवते." तुम्ही कौतुकानं बोलत होतात. घरी तिला चिडवायचातही, "अगं, मुख्य वाक्य कुठं गेलं?" तीही हसायची. म्हणायची, "ते ऱ्हायलं तुमच्या शाळंत." आणि तिच्या प्रत्येक "तर"पुढचं आम्हा सगळ्यांना न सांगता कळायचं, बाजारातून भाजी यायची, माझ्यासाठी चपला यायच्या, दिवा लागायचा. त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

एक दिवस अडलं. तुम्हाला तो दिवस आठवत असणारच, पण तुमच्याशी त्याबद्दल बोलायची माझी कधी छाती झाली नाही. मी नववीत आहे. सहामाहीचे पेपर तपासायला आणलेत म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसला आहात, लाल पेन कानावर. आई चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापते आहे, मी आणि धाकटा तिच्या शेजारी जेवतो आहोत. दुपारी खर्ड्याकडचा एक टेम्पोवाला दारात थांबून निरोप सांगून गेला होता. आई तुमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणते, "आईनं अन्न सोडलंय म्हनं." तुम्ही "हं" म्हणता. पेपरचं पान उलटता. "सकाळच्या येष्टीनं नगर गाठलं की तितनं जामखेडची गाडी घावती." पुन्हा "हं." ती भाकरी तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते. "पोरांचं काय, शेजारच्या काकू करून घालतील दोन भाकरी. तुमी म्हनलात तर..." आणि ती थांबते. तुम्ही पेपरातून मान वर न काढता, वर्गात म्हणता अगदी तसं, नाकातून लांबवून म्हणता, "मंऽग?"

धाकटा खुदकन हसला. तो तेव्हा पाचवीत होता, त्याच्या लेखी बापानं केलेला हा एक नंबरचा विनोद होता. त्यानंही लगेच ओढून घेतलं, "मंऽग?" आईचा हात परातीतच राहिला. तिनं वळून तुमच्याकडे बघितलं. रागानं नाही, रडूनही नाही. कुणी आपल्याला वेगळ्याच नावानं हाक मारली की माणूस जसा बघतो तशी ती बघत होती. मग म्हणाली, "मंग काय न्हाई." आणि पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तुम्हीही पुढचा पेपर उचललात. आपण सगळे जेवलो. दोन-तीन दिवसांनी दुसरा निरोप आला आणि आपण चौघं खर्ड्याला पोचलो तेव्हा आजीची माती होऊन गेली होती. आई भिंतीशी, जिथं आजीची खाट असायची तिथं जमिनीवर जाऊन बसली आणि तळहातानं ती जागा चाचपत राहिली. तुम्ही अंगणात उभे. लोक बसा म्हणत होते आणि तुम्ही बसत नव्हतात.

तुम्ही तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं, आप्पा. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. तुम्ही कधीच कशाला नाही म्हणणारे नव्हतात. तुम्ही तिच्या मुख्य वाक्याची वाट बघत होतात आणि ती तुमच्या. मला हे उमगायला स्वतः वर्ग घ्यायला लागावं लागलं. "तुमी म्हनलात तर" याच्यापुढे इंग्रजीच्या पेपरात जे वाक्य येईल ते "मी जाते." कर्ता मी, क्रियापद जाते. पण आपल्या घरांत तो अर्धा भाग बाईनं बोलायचा नसतो. गौण वाक्य तिनं मांडायचं आणि मुख्य वाक्य पुरुषानं पुरं करायचं, "जा की." आणि तसं बघितलं तर "मी जाते" हे ती कुठल्याच कामाला बोलू शकली नसती. माझं लग्न होऊन मी दारातून निघाले तेव्हा रडण्याच्या भरात माझ्या तोंडून "आई, जाते मी" गेलं, तर तिनं चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "जाते न्हाई म्हनायचं गं. येते म्हन." घरातून निघताना बाई येते म्हणते, खरी जाते ती फक्त एकदाच, आणि तेव्हा तिला बोलता येत नाही. तेवढ्या गर्दीत तिनं माझ्याकडून "येते" वदवून घेतलं आणि मगच सोडलं.

खर्ड्याहून परत आल्यावरचा तुमचा तास मला आठवतो. तुम्ही नेहमीसारखे आलात, हजेरी घेतलीत आणि क्लॉज पुढं सुरू केलात. काय मनात होतं कोण जाणे, तुमच्या तोंडून उदाहरण आलं, "व्हेन द मेसेज केम." निरोप आला तेव्हा. आणि तुम्ही सवयीनं थांबलात. सगळा वर्ग ओरडला, "मंऽग?" त्यांना काय माहीत. मी बाकाच्या कडेला नखानं कोरत होते. तुम्ही वर्गाकडे बघत राहिलात. पोरांना वाटलं सर आणखी मोठ्यानं हवंय म्हणतात, म्हणून ती पुन्हा ओरडली. तुम्ही फळ्याकडे वळलात, फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं तरी तो पुसलात, आणि "आज एवढंच" म्हणून बाहेर जाऊन हौदापाशी उभे राहिलात. घंटा व्हायला बराच वेळ होता.

त्यानंतर घरात तुम्ही मंग म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट तुम्ही आईची वाक्यं पुरी करायला लागलात. तिनं "तर" म्हणायच्या आत तुमचं तयार, "आन की", "जा की", "घे की, त्यात काय इचारायचं." तुम्ही घाईनं बोलायचात, कधी चुकीचं वाक्यही पुरं करायचात. ती म्हणायची, "जरा पंखा कमी केला तर..." आणि तुम्ही तिचं पुरं ऐकायच्या आत उठून पंखा वाढवायचात. ती पदर ओढून बसायची. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं. मैत्रिणींना सांगायची, आमचे आप्पा आईचा शब्द खाली पडू देत नाहीत. आता सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडातून एक क्रियापद निघावं म्हणून तिच्यापुढं बसते तेव्हा मला तुमचा राग येतो. जिला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही तिची वाक्यं आता कुठून पुरी होणार? तुम्ही तिला एकदा तरी नुसतं "तुला काय करायचंय?" असं विचारलं असतंत तर... बघा, माझंही वाक्य तिथंच येऊन बसलं. डॉक्टरीण म्हणते, याचा त्याचा काही संबंध नाही, मेंदूत गुठळी झाली की असं होतं. तिचं खरं असेल. मला मात्र तुमच्यावर चिडायला बरं वाटतं, कारण चिडायला समोर कुणी लागतं.

तुम्ही गेल्यावर ती बेलापूरच्या घरात एकटीच राहिली, मग गुडघे दुखायला लागले तेव्हा मी तिला इकडे आणलं. आणलं म्हणजे काय, मी म्हटलं "चल की" आणि ती आली. वीसएक वर्षं झाली तुम्हाला जाऊन आणि तेवढ्या वर्षांत तिनं मला एकही गोष्ट मागितली नाही. आणि आता मागते आहे. दवाखान्यातून घरी आल्यापासून तिच्या तोंडात एकच शब्द जास्त येतो. "खर्ड्याला." सकाळी डोळे उघडले की "खर्ड्याला." मी वेणी घालायला बसले की "खर्ड्याला." इंग्रजीत याचे दोन शब्द झाले असते आणि मी पोरांना सांगितलं असतं, ही फ्रेज, विचारा काय झालं. मी विचारते. "खर्ड्याला काय, आई? जायचंय? कुणाला बोलवायचंय? खर्ड्याला काय झालं?" ती डोळे मिटून शोधते. ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, मग डावा हात अंथरुणावर आपटते. क्रियापद म्हणून तिच्याकडे दोनच शब्द शिल्लक आहेत. चमचा तोंडाशी नेला की "नको." दुखतं का विचारलं की "न्हाई." तुमच्या इंग्रजीत नोला कुणी क्रियापद म्हणणार नाही, पण आपल्याकडे नको हे एकटंच पुरं वाक्य असतं. नकार तेवढा तिच्याजवळ पुरा राहिला आहे.

धाकटा पुण्याहून दर रविवारी येतो. त्याचं म्हणणं वेगळं. "ताई, ती नुसतं नाव घेते. लहानपणचं गाव आठवतं माणसाला. त्याचा अर्थ तिला तिकडं न्यायचं असा होत नाही." डॉक्टरांनी तर स्वच्छच सांगितलंय की रक्तदाब खाली येत नाही, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, जामखेडच्या रस्त्यानं एवढे तास गाडीत हलवणं तिला झेपेल असं वाटत नाही. "आणि तिथं आहे कोण?" धाकटा म्हणतो. मामा तर कधीच गेला. मामी आहे, तिचा मुलगा शेती करतो. मी मामीला फोन केला. ती कानानं कमी ऐकते, त्यामुळं ओरडूनच बोलते. "आना की वन्संला! घर काय पळून चाललंय व्हय? त्यांच्या आईची जागा हाय, तितंच हातरून घालते." मी म्हटलं, मामी, डॉक्टर नको म्हणतात, वाटेत काही झालं तर... मामी पलीकडून ओरडली, "तर काय? लेक म्हायेराच्या वाटंवर हाय, घरात पडून न्हाई!" धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो चिडून उठला. "मामीचं काय जातं बोलायला? तू शिकलेली आहेस ना?" जाताना त्यानं आईच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि गाडी काढली. त्याचंही चुकत नाही. आम्हा दोघांनाही ती हवी आहे, एवढंच.

आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी घरी आले, हे कामावर गेलेले, तिच्याजवळ बसणाऱ्या बाईला सोडलं आणि आईला पेज भरवायला बसले. दोन-चार घास झाले आणि तिनं डाव्या हातानं चमचा बाजूला केला. "खर्ड्याला," ती म्हणाली. मी रोजच्यासारखं म्हटलं, "हो आई, बघू हं." ती मान हलवायला लागली. तिनं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणाली, "मी." एवढ्या महिन्यांत ती "मी" म्हणाली नव्हती. नावं आली, विभक्त्या आल्या, ती स्वतः कर्ता म्हणून आली नव्हती. "मी..." ती पुन्हा म्हणाली, तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि विहिरीच्या तळातून भरलेली बारडी वर यावी तसा हळूहळू तो शब्द वर आला. "जाते."

मी खर्ड्याला जाते. येते नाही, जाते. पुढं तर नाही, मागं तुमी म्हनलात नाही. कर्ता तिचा, क्रियापद तिचं. आप्पा, आयुष्यभर तुम्ही वाट बघितलीत ते मुख्य वाक्य माझ्या समोर, पेजेच्या वाटीपलीकडं उभं होतं आणि त्याचं उत्तर एकच होतं, जे आठवीच्या पोरालाही येतं. आणि माझ्या तोंडून काय गेलं सांगू? "मंऽग?" नाकातून, लांबवून, अगदी तुमच्यासारखं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी एकदा बघितलेला आहे, हातात बाजरीचं पीठ असतानाचा. माझं मनगट सोडलं. तिचे ओठ काही जुळवायला लागले, मला कळलं काय जुळवतायत ते, पण त्यातला शेवटचाच शब्द बाहेर आला. "न्हाई." आणि तिनं भिंतीकडे तोंड वळवलं.

तेव्हापासून मी विचार करते आहे की मला बरं म्हणता का आलं नाही. सवय होती म्हणावं तर ती खोटी पडते, सवय तर बरं म्हणायचीही आहे. मी भ्याले. बरं म्हटलं की ते झालं. मग गाडी बोलवायची, तिला उचलून ठेवायचं, आणि जामखेडच्या रस्त्यावर कुठंतरी जे होईल ते बघायचं. मंग म्हणून मी थोडा वेळ मागत होते. ती पुढं काही बोलेल, वाक्य लांबेल, तेवढा वेळ ती इथंच राहील. आणि हे लिहिताना मला पहिल्यांदाच वाटतंय की त्या संध्याकाळी तुम्हीही थट्टा करत नव्हतात. पेपरचा गठ्ठा, दोन पोरं, मरणाऱ्या आईकडं गेलेली बायको कधी परत येईल याचा नेम नाही. तुम्हीही भ्याला असाल आणि मान वर न काढता वेळ काढत असाल. तसं असेल तर माझा राग थोडा कमी होतो. फार नाही.

गाडी मी सांगितली आहे, उद्या उजाडता येईल. मामीला फोन झाला. धाकट्याला कळवलं, त्यानं आधी डॉक्टरांचं सगळं पुन्हा ऐकवलं आणि मग म्हणाला, मी पहाटेच निघतो, मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसेन. दोन लुगडी, औषधं, पातळ पेजेचा डबा, सगळं काढून ठेवलंय. हे कागद मी पेपरच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवीन आणि पुढंमागं फाडून टाकीन. पोरांच्या हाती लागले तर मॅडमना वेड लागलं म्हणतील. फक्त एक गोष्ट राहिली आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. आई मघाशी जागी झाली. मी तिला पाणी पाजलं, उशी सारखी केली, तिच्या तोंडाशी वाकले. बरं म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?"